आठ रिकाम्या मात्रा

१

सकाळी सहाला तलावाचे काका दार उघडायचे आणि सव्वासहाला मी पाठीवर चेलो घेऊन जिना चढायचे. तलाव म्हणजे पोहण्याचा, छताखालचा, गरम पाण्याचा. त्याच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली आहे. पूर्वी तिथं नाचाचा वर्ग चालायचा. वर्ग बंद पडला आणि भिंतीवरचा लाकडी दांडा, आरसा निघालेली एक चौकट आणि भिंतीला टेकवलेला उभा पियानो एवढं मागे राहिलं. खालून वाफ, पंपाची अखंड घरघर आणि क्लोरीनचा वास. अशा जागी पियानो ठेवणं म्हणजे न्हाणीघरात पुस्तकं ठेवण्यासारखं. पण मला दुसरी खोली मिळत नव्हती. घरी शेजारी तान्हं बाळ होतं आणि चेलोचा आवाज भिंतीपेक्षा जमिनीतून जास्त जातो. "तुझं वाद्य आमच्या पाळण्याला झोके देतं," असं शेजारीण एकदा हसत म्हणाली. हसत म्हटलेली गोष्ट दुसऱ्यांदा हसत म्हटली जात नाही, एवढं मला कळतं.

दाराशी काकांचा फळा असे. फळ्यावर खिळे, शेजारच्या डब्यात पत्र्याचे गोल बिल्ले. माणूस आत गेलं की एक बिल्ला खिळ्यावर, बाहेर आलं की बिल्ला डब्यात. वरच्या खोलीसाठी वेगळा खिळा होता. फळा मोकळा झाल्याशिवाय काका कुलूप लावत नसत.

"तलावावर मोजणी चुकली की माणूस जातो, पोरी," ते म्हणायचे. "तीस वर्षं झाली, माझी चुकलेली नाही."

मला हा माणूस आवडायचा. मी आत आहे की बाहेर, याची नोंद ठेवणारं तेवढं एकच माणूस माझ्या दिवसात होतं.

आठला सराव संपायचा, नऊला मी कामावर. काम कान तपासण्याचं. माणसाला आवाजबंद खोलीत बसवायचं, डोक्यावर हेडफोन, हातात बटण. मी काचेबाहेरून बारीक आवाज सोडायचा, त्याला ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं. गंमत अशी की मी काहीच सोडलेलं नसतानाही लोक बटण दाबतात. ते खोटं वागत नाहीत. वाट बघत बसलेल्या माणसाला ऐकू येतंच. हे मी दिवसातून दहा वेळा बघते. म्हणून पुढं जे झालं त्यात पहिला संशय मी माझ्यावरच घेतला, एवढं तुम्ही लक्षात ठेवा.

२

ऑडिशन तीन महिन्यांवर आली होती. संगीत महाविद्यालयाच्या अर्जात वयाची अट अठ्ठावीस, आणि मला सत्तावीस संपत आलेली. एकोणिसाव्या वर्षी एकदा बोलावणं आलं होतं. त्याच आठवड्यात आईला अर्धांगाचा झटका आला. ताई लग्न होऊन दूर गेलेली, राहिले मी. आठ वर्षं आईचं सगळं केलं. ओझं कधी वाटलं नाही असं लोकांना सांगते. वाटलं. गेल्या वर्षी आई गेली आणि घरात मी आणि फ्रीजची घुरघुर उरलो. या खेपेस जमलं तर चार वर्षं वसतिगृह, सकाळ-संध्याकाळ माणसांच्या घोळक्यात वाजवायचं, कुणाशी तरी भांडत जेवायचं. नाही जमलं तर पुन्हा अर्ज नाही. मग जन्मभर काचेच्या अलीकडे मी आणि पलीकडे बटण.

माझे सर सत्तरीचे. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. त्यांनी ऑडिशनसाठी चेलो आणि पियानोनं मिळून वाजवायचा एक सोनाटा निवडला. त्याच्या संथ भागात एका ठिकाणी दोन्ही वाद्यं एकदम थांबतात. आठ मात्रा पूर्ण शांतता. मग दोघांनी एकाच क्षणी पुन्हा सुरू करायचं.

"इथं कुणी बोटावर मोजत नाही," सर म्हणाले. "इथं चेलोवाला श्वास घेतो. साथीला बसलेला वळून बघत नाही, त्याची नजर कागदावर. तो तुझा श्वास ऐकतो आणि त्यावर हात टाकतो. तुला काय काळजी? तुझा श्वास म्हणजे लोहाराचा भाता."

हे खरं आहे. वाजवायला लागण्याआधी मी नाकानं असा काही श्वास ओढते की ताई लहानपणी पलीकडच्या खोलीतून ओरडायची, "घ्या, निघाली गाडी!"

अडचण साथीची होती. सरांकडे येणारा पियानोवादक गाव सोडून गेलेला. महाविद्यालय साथीदार देणार, पण तालीम एकच, तीही आदल्या दिवशी. मी लहानपणी चार वर्षं पियानो शिकले होते. म्हटलं, चला, आपणच आपली साथ करू. एका रविवारी सकाळी त्या वरच्या खोलीत फोन पियानोवर ठेवला आणि संथ भागाची साथ वाजवून रेकॉर्ड केली. खोलीत चेलो वाजत नव्हता. तो मनात ऐकत मी वाजवत होते. आठ मात्रा आल्या तेव्हा उजवा हात वर धरून थांबले. मग श्वास ऐकू आला, आणि मी हात टाकला.

रेकॉर्डिंग भरलं सहा मिनिटं बारा सेकंद.

३

महिनाभर काही झालं नाही. रोज सकाळी रेकॉर्डिंग लावायचं, फोन पियानोवरच ठेवायचा, चार हात मागे खुर्ची टाकून वाजवायचं. माझीच साथ कुठं कुठं अडखळायची, पण तक्रार कुणाकडे करणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

मग एक दिवस मला सर्दी झाली. आठ मात्रांच्या मध्येच शिंका आल्या, एक, दोन, तीन. गज गुडघ्यावर ठेवला, रुमाल शोधला, नाक पुसलं, गज उचलला, श्वास घेतला. पियानो बरोबर त्या श्वासावर आला. आम्ही दोघींनी तो भाग छान पुरा केला.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. जिना उतरताना, अर्ध्यावर आल्यावर वाटलं. तीन शिंका आणि एक रुमाल आठ मात्रांत बसत नाहीत.

मी कठड्याला धरून उभी राहिले. मग स्वतःला समजावलं: तापानं डोकं जड आहे, मात्रा आपणच चुकीच्या मोजल्या. आणि काकांनी बिल्ला काढला तशी कामावर गेले.

४

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम उशीर केला. आठ मात्रांच्या दहा केल्या. पियानो थांबला. तिसऱ्या दिवशी बारा. थांबला. मग मी सुरुवातीलाही खेळ केला, एक ओळ जरा रेंगाळत वाजवली, तर साथही रेंगाळली, म्हाताऱ्या माणसाबरोबर चालताना आपण पाऊल आखडतो तशी.

घाबरायला हवं होतं हे मला कळतं. मी घाबरले नाही, कारण मला ते आवडलं. खरं सांगते, मला रडू आलं. इतकी वर्षं मी थांबत आले होते. औषधाच्या रांगेत, डॉक्टरच्या दाराबाहेर, आई घास गिळेपर्यंत. माझ्यासाठी कुणी थांबतं तेव्हा कसं वाटतं हे मी विसरून गेले होते. मी पाव तास आधी उठायला लागले. खोलीत शिरताना "आले हं" असं म्हणायला लागले. रविवारी ताईचा फोन यायचा तो मी लवकर आटपायला लागले.

"अगं, आवाज किती बरा वाटतोय तुझा," ताई म्हणाली. "कुणी भेटलं की काय?"

"सरावाला सोबत मिळाली आहे," मी म्हटलं. त्यात खोटं काय होतं?

त्याच आठवड्यात काकांनी फळ्यावर वरच्या खोलीच्या खिळ्याला दोन बिल्ले अडकवलेले मी पाहिले. मी म्हटलं, "काका, वर मी एकटीच असते. पियानो फोनवर वाजतो."

"फोनवर?" काका कानात बोट घालून हलवत म्हणाले. "असेल बाबा. मला वाटलं वर वाजलं की पाण्यावर थरथर येते ती फोननं येत नसावी." त्यांनी एक बिल्ला काढला, पण हातात जरा वेळ धरून मग डब्यात टाकला.

५

सरांकडे गेले तेव्हा त्यांनी मी पहिला सूर लावताच हात वर केला.

"उतरलाय. तुझा चेलो चांगलाच उतरलाय."

"आज सकाळीच जुळवलाय सर."

"कशाशी?"

रेकॉर्डिंगशी. रोज सकाळी मी त्याच्या पहिल्याच सुराशी तारा जुळवून घेत होते. मी सूर मोजायचं छोटं यंत्र बाहेर काढलं, फोन लावला. काटा मधल्या रेषेच्या बराच डावीकडे. दीड महिन्यापूर्वी, रेकॉर्ड केलं त्या दिवशी, याच यंत्रानं काटा रेषेवर दाखवला होता. तो आकडा मी सुरावटीच्या कागदावर पेन्सिलीनं लिहून ठेवला होता.

सर म्हणाले, "फोन खराब असेल." माझ्याही मनात तेच आलं. फोन सावकाश चालला तर सूर उतरेल; पण मग लांबी वाढायला हवी. लांबी तीच, सहा बारा.

दुसऱ्या दिवशी तलावावर गेल्या गेल्या मी चेलो न काढताच पियानो उघडला आणि तोच सूर वाजवून यंत्र समोर धरलं. वाफेनं दीड महिन्यात पियानो उतरला होता. लाकूड फुगलेलं, तारा सैल झालेल्या, उतरणारच. काटा डावीकडे गेला आणि काल रेकॉर्डिंगला जिथं थांबला होता तिथंच, नेमका तिथंच थांबला.

पियानोला ओल लागते. रेकॉर्डिंगला लागत नाही.

मी झाकण लावलं. पट्ट्यांवर धूळ नव्हती, हेही तेव्हाच लक्षात आलं. दीड महिना त्या पियानोला मी हात लावलेला नव्हता.

६

माझ्याकडे एक आवाजबंद खोली आहे, हे मला आठवायला दोन दिवस लागले. जेवणाच्या सुट्टीत मी तपासणीच्या खोलीत शिरले आणि आतून जाड दार ओढून घेतलं. या खोलीत स्वतःच्या मानेची शीर ऐकू येते. मी रोज लोकांना जिथं बसवते त्या खुर्चीवर बसले, हेडफोन लावले, फोन मांडीवर ठेवला. चेलो नाही, गज नाही, रेंगाळणं नाही. नुसतं ऐकायचं.

पियानो सुरू झाला. अगदी साधा, माझाच, दुसऱ्या ओळीत माझीच चूक. मला हसू आलं. मनी वसे ते स्वप्नी दिसे, दुसरं काय. आठ मात्रांची शांतता आली.

सवयीनं माझं नाक फुलायला लागलं आणि मी श्वास अडवून धरला.

भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा फिरत होता. दहा सेकंद. वीस. हेडफोनमध्ये तलावाच्या पंपाची घरघर येत होती. तीस. खुर्ची हलकेच करकरली; माझी नव्हे, मी हलले नव्हते. ज्याचा हात बराच वेळ वर धरलेला असतो तो खांदा सैल करतो तेव्हा खुर्ची तशी करकरते. चाळीस. पन्नास. माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले. शेवटी तोंड उघडून मी जमेल तेवढा श्वास आत ओढला.

पियानो आला. त्याच क्षणी. इतका हळुवार की सुटका झाल्यासारखा.

मी शेवटपर्यंत ऐकलं. घड्याळाच्या हिशोबानं सात मिनिटं उलटून गेली होती. फोन म्हणत होता, सहा मिनिटं बारा सेकंद. फोनच्या मते काहीच झालं नव्हतं.

काचेपलीकडे पुढचा पेशंट येऊन बसला होता. त्याला आत घेतलं. त्यानं मी काही सोडलेलं नसताना सहा वेळा बटण दाबलं आणि त्या दिवशी मी त्याला "नीट ऐका हं" असं म्हटलं नाही.

७

ऑडिशनला बारा दिवस उरले तेव्हा सरांनी आपल्या घरच्या पियानोवर स्वतः जमेल तशी साथ करून बघितली. आठ मात्रा झाल्या आणि सरांचे हात पडले. मी अजून बसलेलीच. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"मी काय तुझ्यासाठी थांबायला बसलोय?" सर ओरडले. "आठ म्हणजे आठ, श्वास त्याच्या आतच यायला हवा! तू बारापर्यंत जातेस, सोळापर्यंत जातेस. हे कुठून शिकलीस?"

"रेकॉर्डिंगबरोबर वाजवताना," मी म्हटलं. त्यांनी रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. मी लावलं, आणि शांतता आली तेव्हा सर आपले खोकले आणि त्यांनी दम घेतला. पियानो वेळेवर आला. त्यांना त्यात काहीच वेगळं दिसलं नाही. पण ते पुढं वाकून ऐकत होते.

"कोण वाजवतंय हे?"

"मीच सर. मागे रेकॉर्ड केलं होतं."

"तू अशी ऐकत नाहीस." त्यांनी चष्मा काढला. "हिला ऐकण्यावाचून दुसरं काही नाही. भूक नाही, झोप नाही, नुसती कान लावून बसलीय. अशा साथीनं माणूस लाडावतो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पुसून टाक. आजच. माणसाबरोबर वाजवायचं असेल तर वेळेवर निघायला शिक. नाहीतर हाही चान्स गेला म्हणून समज."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तलावावर गेले. पुसण्याआधी एकदा वाजवावं असं वाटलं. निरोप न घेता जाणं बरं दिसत नाही. आम्ही वाजवायला सुरुवात केली आणि आजवर इतकं चांगलं कधीच झालं नव्हतं. मी घाई केली तर ती घाई करे, मी विरघळले तर ती विरघळे. शांतता आली. आता श्वास घेतला की पुढचा भाग, आणि पुढचा भाग झाला की मला पुसणं जमणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मी श्वास घेतला नाही. अडवून धरला, चेलो घेऊन उठले, पावलं न वाजवता पियानोपाशी गेले, फोन उचलला आणि त्या शांततेतच रेकॉर्डिंग पुसून टाकलं. दार ओढलं, जिना उतरले. काका दिसले नाहीत. रस्त्यावर आल्यावर मगच छातीत हवा घेतली.

उरलेले दिवस सरांकडे सराव केला. आठ म्हणजे आठ.

८

ऑडिशनची इमारत उंच छताची, लांबच लांब कॉरिडॉरची. दोन्ही बाजूंच्या दारांतून वेगवेगळी वाद्यं ऐकू येत होती, जशी एखाद्या मोठ्या घरात सगळी एकदम बोलतात. बाकावर माझ्याशेजारी एक मुलगी नखं कुरतडत होती. तिनं विचारलं, "पहिल्यांदाच?" मी म्हटलं, "आणि शेवटच्यांदा." ती मोठ्यानं हसली आणि मला एक गोळी दिली, खोकल्याची. माझे डोळे भरून आले, गोळीसाठी. हे मला हवं होतं.

साथीच्या बाई गोलसर, गरम हाताच्या, कामात मुरलेल्या. संथ भागात शांतता आली. मी मोजलं, श्वास घेतला, बाई आल्या. दोघी एकत्र. त्या आठ मात्रांत खोली अगदी गप्प होती आणि मला पंपाची घरघर ऐकू आली असं मी म्हणणार नाही. ऐकू यावी म्हणून वाट बघत होते, एवढं म्हणेन.

परीक्षकांपैकी वयस्कर बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही दोघींनी एकच तालीम केलीत? साथ घेणं हे शिकवून येत नाही. कुठं शिकलात?"

"वाजवणाऱ्यांबरोबर," मी म्हटलं. नीट बोलता येत नाही तेव्हा माणूस असंच काहीतरी बोलतं.

नऊ दिवसांनी पत्र आलं. प्रवेश मिळाला होता. ताई फोनवर इतकी रडली की मलाच तिची समजूत काढावी लागली. सर म्हणाले, "श्वास जरा कमी कर आता," आणि नाक पुसत आत गेले.

९

काकांनी सरावासाठी दिलेली तलावावरच्या खोलीची किल्ली माझ्याकडेच राहिली होती. वसतिगृहाची गाडी पकडायच्या दिवशी, सकाळी दहाला, ती परत करायला गेले.

तलाव रिकामा केला होता, वर्षाची साफसफाई. पाणी नाही, माणसं नाहीत, पंप बंद. ती इमारत इतकी शांत मी कधी ऐकली नव्हती. काका दाराशी खुर्चीवर बसले होते, दाढी वाढलेली. खुर्चीमागे एक सतरंजी गुंडाळून ठेवलेली.

"मिळाला ना प्रवेश? चेहऱ्यावरच दिसतंय," ते म्हणाले. पण त्यांची नजर फळ्याकडे होती. सगळे खिळे मोकळे. वरच्या खोलीच्या खिळ्यावर एक बिल्ला.

"काका, तो माझा राहिला असेल. त्या दिवशी तुम्ही नव्हतात."

"तुझा काढला मी. तुला जाताना खिडकीतून बघितलं." ते बिल्ल्याकडे बघत राहिले. "त्या दिवशी वर दोघी होतात. मी खालून ऐकलं, दोन अडकवले. फोन नव्हता तो, पोरी. गेलीस तू एकटी."

"काका..."

"तीन आठवडे कुलूप लावलेलं नाही. आत माणूस असताना कसं लावू? इथंच झोपतो. वरून आवाज काही येत नाही. एखादवेळी खुर्ची करकरते, बस." ते ओशाळं हसले. "वर जाऊन बघ म्हणशील तर माझे पाय धड नाहीत गं. असं मी घरी सांगतो. तूच जा. तुझ्या ओळखीची आहे. घेऊन ये तिला खाली."

किल्ली टेबलावर ठेवून मी निघू शकले असते. गाडी साडेअकराची होती. पण काकांनी डब्याचं झाकण उघडून धरलं होतं, बिल्ला टाकायला.

मी जिना चढले. चप्पल खालीच काढली. वरच्या दाराला छातीच्या उंचीवर काचेची उभी पट्टी आहे. वाकून बघितलं.

खोलीत सकाळचं ऊन होतं. माझी खुर्ची मी सोडली होती तिथंच, जराशी तिरकी. त्यापलीकडे, भिंतीला टेकलेल्या पियानोपाशी, कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. खांदे बारीक झालेले. केसांच्या गाठीत पेन्सिल खोवलेली, माझी असते तशी. डावा हात मांडीवर. उजवा हात पट्ट्यांच्या वर, हवेत. तो किंचित थरथरत होता. तीन आठवडे धरलेला हात थरथरणारच.

ती वळून बघणार नाही, हे मला माहीत होतं. साथीला बसलेला वळून बघत नाही. मी मागे सरकायला एक पाऊल उचललं आणि फळी वाजली. हात थरथरायचा थांबला. मान अगदी थोडी डाव्या खांद्याकडे कलली, कान दाराकडे.

मी श्वास अडवून धरला.

खाली पंप बंद होता. कुठं काही वाजत नव्हतं. मी मनात मोजायला लागले, आठ, सोळा, चोवीस. जिन्याला एकोणीस पायऱ्या, पुढं व्हरांडा, मग दार, मग रस्ता. त्या दिवशी मी तेवढं अंतर श्वास न घेता गेले होते. आज पाय हलत नव्हते. काजवे चमकायला लागले होते आणि माझं नाक, लोहाराचा भाता, आपोआप फुलायला लागलं होतं.